घोडामैदान

माझा आणि घोड्याचा संबंध आयुष्यभर कागदीच राहिला. म्हणजे असं की, चौतीस वर्षं सरकारी नोकरीत मी कागदी घोडे नाचवले आणि त्यातला एकही घोडा कधी मुक्कामाला पोचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खऱ्या घोड्यावर मी जन्मात दोनदाच बसलो. एकदा लग्नात. बँडवाल्याने आणलेल्या त्या पांढऱ्या घोड्याला एका ठरावीक कार्यालयात जायची सवय होती. त्याने इमानेइतबारे मला तिथेच नेऊन उभं केलं. तिथल्या यजमानांनी "आमचा नवरदेव केव्हाच आत बसलाय" असं सांगून आमची वरात परत फिरवली. (हिचं म्हणणं, त्या मुक्या जनावराला त्याच वेळी काहीतरी कळलं होतं, आपल्यालाच कळलं नाही.) दुसऱ्यांदा माथेरानला. तिथला घोडा इतकी मोठी वाट सोडून नेमका दरीच्या कडेकडेने चालला. मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. त्या वेळचा फोटो घरात आहे. त्यात मी घोड्यावर बसून झोपलेला दिसतो.

असा मी, आणि २०१८ सालच्या ऑक्टोबरात सिनसिनाटीला चिरंजिवांकडे मुक्कामाला असताना एका संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, या विकेंडला आपण हॉर्स कंट्रीला जाऊ या."

"कुठे?" मी विचारलं.

"लेक्सिंग्टनला. केंटकीत. इथून दीड तासावर तर आहे. शुक्रवारी हिलाही शाळेला सुट्टी आहे." ही म्हणजे आमची नात. वय वर्षे नऊ. तिला त्या वर्षी घोड्यांचं वेड लागलं होतं. भिंतीवर घोडे, पांघरुणावर घोडे, आणि एका जाड वहीत पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या सगळ्या घोड्यांची नोंद.

"तिथे काय बघायचं?"

"घोडे."

"आणखी?"

"आणखी घोडे. आणि शनिवारी दुपारी रेस."

'रेस' हा शब्द कानावर पडताच हिने माझ्याकडे पाहिलं आणि मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्या गिरगावातल्या घरात 'रेस' हा शब्द उच्चारायला बंदी होती. नुसता रेस नव्हे, घोडा हा शब्दसुद्धा शक्यतो टाळायचा असा दंडक होता. बुद्धिबळातल्या घोड्याला आम्ही भावंडं 'अडीच घरवाला' म्हणायचो. याला कारण आमचे भाऊकाका. हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. गोदीत टॅली क्लार्क होते, लग्न केलं नव्हतं, आणि सीझनमध्ये दर रविवारी महालक्ष्मीला जायचे. जाताना "जरा देवीला जाऊन येतो" असं सांगायचे. आजी बिचारी पहिली काही वर्षं त्यांना ओटीचं सामान बांधून देत असे. १९५२ साली आजीच्या पाटल्या गेल्या तेव्हा देवी कोणती ते घराला कळलं. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं की त्या रात्री कोणी जेवलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून काकांची कॉट गॅलरीत गेली. पुढची एकोणीस वर्षं ती तिथेच होती. पगार ते पहिल्या तारखेला वडिलांच्या हातात आणून देत. त्यातून चहा-विडीपुरते पैसे परत घेत. घरातलं कोणी त्यांच्याशी वाईट वागलं असं म्हणता येणार नाही. कोणी त्यांच्याशी फारसं वागलंच नाही. त्यांना चहा नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा ते कॉटवर बसून एका वहीत काहीतरी लिहीत असायचे. आम्ही समजायचो, बुडालेल्या पैशांचा हिशेब असणार.

म्हणून चिरंजीव म्हणाले 'रेस', तेव्हा मी म्हटलं, "घोडे बघू. रेसचं तिथे गेल्यावर ठरवू." हा माझा सरकारी शेरा. याचा अर्थ 'नाही' असा होतो हे चिरंजिवांना ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. पूर्वीच्या मराठी फौजेत स्वतःच्या मालकीचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर. आमच्या घराण्यात कोणी शिलेदार होता असं वडील सांगत. मी मात्र मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा बांधून, गुडघ्यावर चिवड्याचा डबा घेऊन बसलेला बारगीर. बारगिराने घोडा कुठे वळवायचा हे सांगायचं नसतं. तरी मी दोनदा "इथे डावीकडे आहे वाटतं" असं म्हणून पाहिलं.

लेक्सिंग्टन जवळ आलं तशी कुंपणं सुरू झाली. त्या मुलुखात पहिल्यांदा काय दिसत असेल तर कुंपण. चार-चार आडव्या फळ्यांची, मैलोगणती, टेकडीवर चढणारी आणि पलीकडे उतरणारी. काही पांढरी, बरीचशी काळी. पांढरा रंग सारखा काढावा लागतो, काळा स्वस्तात टिकतो, हे चिरंजिवांनी सांगितलं तेव्हा हिला अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी संसारी माणूस भेटल्यासारखं वाटलं. मधूनमधून चुना-सिमेंट न लावता नुसत्या दगडावर दगड रचलेल्या जुन्या भिंती. आपल्या कोकणातला गडगाच तो. फक्त त्यावर वाळत घातलेली गोधडी नव्हती.

या मुलखाचं नाव 'ब्लू ग्रास', म्हणजे निळं गवत. मी अर्धा तास बाहेर पाहत होतो. गवत हिरवंगार. शेवटी नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, ते कापलं नाही तर वर फुलं येतात, ती निळसर दिसतात. आणि ते गवत इथलं नाहीच मुळी, युरोपातून आलंय." म्हणजे ज्याच्या नावावर सगळा प्रांत चालतो ते गवत निळं नाही आणि तिथलंही नाही. खरी करामत खालच्या चुनखडीची. तो चुना पाण्यात उतरतो, पाण्यातून गवतात आणि गवतातून घोड्याच्या हाडात. तेच पाणी पुढे बर्बन नावाच्या मद्यात उतरतं आणि तिथून माणसात. त्याच्या भट्ट्या पाहायलाही लांबून लोक येतात. त्या सहलीला हिने काचेतूनच नमस्कार केला.

लेक्सिंग्टनच्या शेजारी दोन गावं आहेत. एकाचं नाव पॅरिस, दुसऱ्याचं व्हर्साय. दुसऱ्याला तिथले लोक 'वर्सेल्स' म्हणतात आणि आपण व्हर्साय म्हटलं तर आपल्याकडे कीव आल्यासारखं पाहतात. पण आमच्या सोसायटीत शेजारच्यांनी युरोपची सहल करून आल्यावर तीन महिने आम्हांला पॅरिस ऐकवलं होतं. तेव्हा हिने गावाच्या पाटीखाली उभं राहून मुद्दाम फोटो काढून घेतला. 'पॅरिस' एवढंच दिसेल आणि खालचं 'केंटकी' हिच्या शालीमागे जाईल अशा बेताने.

या पॅरिसला क्लेबोर्न फार्म आहे आणि तिथे जगातला एक फार थोर घोडा पुरलेला आहे. त्याचं नाव ऐकून मी जागच्या जागी उभा राहिलो. नाव होतं 'सेक्रेटरिएट'. म्हणजे सचिवालय! मी नोकरीला लागलो तेव्हा आताच्या मंत्रालयाला सचिवालयच म्हणत. तिथे मी अर्धं आयुष्य काढलं. सचिवालय नावाची कुठलीही गोष्ट धावते हेच मला नवीन होतं. आणि हे सचिवालय नुसतं धावलं नाही. १९७३ साली बेलमाँटची दीड मैलाची शर्यत त्याने दोन मिनिटं चोवीस सेकंदांत संपवली, दुसऱ्या घोड्याला एकतीस लांबी मागे टाकून. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. आमच्या सचिवालयात एवढ्या वेळात शिपायाने घंटीकडे नुसतं पाहिलेलं असायचं.

तिथला गाईड म्हणाला, की या भागात घोडा मेला तर रिवाजाप्रमाणे त्याचं डोकं, काळीज आणि खूर एवढंच पुरतात. डोकं बुद्धीसाठी, काळीज हिमतीसाठी, खूर वेगासाठी. सगळा घोडा पुरायचा म्हणजे फार मोठा मान. सेक्रेटरिएटला १९८९ साली हा मान मिळाला. त्याचं काळीज नेहमीच्या घोड्याच्या दुपटीहून मोठं होतं असा तपासणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज होता. एवढ्या मोठ्या घोड्याचा दगड मात्र गुडघ्याएवढा. नाव आणि दोन सालं. पदवी नाही, 'भावपूर्ण श्रद्धांजली' नाही, आणि खाली शोकाकुल मित्रमंडळाची यादी नाही.

यानंतर गाईडने आम्हांला चालते-बोलते घोडे दाखवले. त्यातला एक तपकिरी घोडा दाखवून तो म्हणाला, "याची फी अडीच लाख डॉलर."

"एवढे कशाचे?" हिने मला मराठीत विचारलं. सूनबाई एकाएकी कुंपणाच्या फळ्या मोजू लागली. चिरंजीव बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

"अगं, सोयरिकीचे," मी म्हटलं.

"मुलाकडचे घेतात?"

"हो."

"म्हणजे हुंडाच की!" ही म्हणाली. पण मग गाईडने पुढचं सांगितलं ते हिला पटलं. ही फी आगाऊ नसते. अकरा महिन्यांनी शिंगरू जन्माला येऊन, स्वतःच्या पायांवर उभं राहून आईचं दूध प्यायलं, की मग पैसे. हिच्या मते आपल्याकडच्या पुष्कळ करारांत हे कलम घालायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट कळली. उत्तर गोलार्धात या जातीच्या प्रत्येक घोड्याचा वाढदिवस कागदोपत्री एक जानेवारीला असतो. तो जन्मलेला असो मार्चात नाही तर मेमध्ये. शर्यतीत वयाचे गट पाडायला सोपं जावं म्हणून ही व्यवस्था. हे ऐकून मला त्या घोड्यांविषयी सख्ख्या भावासारखी माया वाटली. माझी जन्मतारीख एक जून. आमच्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांची जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमचाही असाच गट पाडला होता.

शनिवारी सकाळी केंटकी हॉर्स पार्क. बाराशे एकरांवर पसरलेली ही घोड्यांची राणीची बाग १९७८ साली सुरू झाली. तबेले, म्युझियम, निरनिराळ्या जातींच्या घोड्यांची मिरवणूक, सगळं आहे. पायाला फोड येईपर्यंत पाहता येतं. माझ्या लक्षात राहिलं ते दोन जणांचं शेवटचं ठिकाण. एक 'मॅन ओ' वॉर'. हा एकवीस शर्यती धावला, वीस जिंकला. एकच हरला, १९१९ साली. ज्याच्याकडून हरला त्या घोड्याचं नाव 'अपसेट'. १९४७ साली तो मेला तेव्हा हजारो लोक त्याच्या अंत्यदर्शनाला आले आणि अंत्यविधी रेडिओवरून ऐकवला गेला. त्याची वर्षानुवर्षं सेवा करणारा विल हारबट हा मोतद्दार महिनाभर आधीच गेला होता. मालक मेल्यावर घोड्याने अन्न सोडलं अशा गोष्टी आपण वाचतो. इथे मालक कोण होता ते कोणाच्या लक्षात नाही. मोतद्दार लक्षात आहे.

दुसरा आयझॅक मर्फी. हा जॉकी. १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा केंटकी डर्बी जिंकलेला, कृष्णवर्णीय. १८७५ सालच्या पहिल्या डर्बीत पंधरा जॉकींपैकी तेरा कृष्णवर्णीय होते. पुढे त्यांना या धंद्यातून पद्धतशीर बाहेर काढलं गेलं, आणि मर्फीसारख्या माणसाचं थडगंसुद्धा वर्षानुवर्षं विसरलं गेलं होतं. आता तो मॅन ओ' वॉरजवळ आहे. तिथे गर्दी घोड्यापाशी होती. मर्फीपाशी मी, नात आणि एक खार.

आणि दुपारी कीनलँड. घोडामैदान.

मी सरकारी शेरा मारला होता खरा, पण बारगिराचं कोण ऐकतो? शिवाय ते ठिकाण पाहून माझा विरोध निम्मा गळाला. मी समजत होतो तिथे विड्या, आरडाओरडा आणि बुडालेले चेहरे असतील. तर इथे चुनखडीच्या दगडाच्या देखण्या इमारती, पिवळी-तांबडी झालेली झाडं आणि लग्नाला आल्यासारखी नटलेली माणसं. १९३६ सालापासून इथे फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरात रेस होतात. १९९७ सालापर्यंत इथे लाऊडस्पीकरवरून शर्यतीचं वर्णनही करत नसत. घोडे मुकाट धावायचे आणि लोक मुकाट बघायचे. सप्टेंबरात इथे वर्षा-दीड वर्षाच्या शिंगरांचा लिलाव होतो. १९८५ साली जुलैच्या लिलावात 'सिॲटल डान्सर' नावाचं एक शिंगरू एक कोटी एकतीस लाख डॉलरना विकलं गेलं. पुढे ते धावलं जेमतेम पाच शर्यती. हे चिरंजिवांनी सांगितल्यावर आजीच्या पाटल्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

खाण्याची तिथे 'बर्गू' नावाची मांसाची आमटी प्रसिद्ध आहे. शनिवार असल्यामुळे आम्ही तिच्या वाटेला न जाता ब्रेड पुडिंग घेतलं. हिला ते इतकं आवडलं की दुसरी वाटी मागवली. "वरचा पाक छान आहे हो, जरा औषधी लागतो," ही म्हणाली. सूनबाईला पाटी वाचता येत होती, पण ती बोलली नाही. पाक बर्बनचा होता. हिला हे अजून सांगितलेलं नाही. या लेखावरून कळेल.

शर्यतीआधी घोडे झाडांखाली फिरवून आणतात. माणसांच्या इतके जवळून, की त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. मी कठड्याला टेकून उभा होतो. एक घोडा माझ्यासमोर आला आणि थांबला. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मोतद्दाराने ओढलं तरी क्षणभर हलेना. मला उगीचच वाटलं की गॅलरीत चहा घेऊन गेल्यावर भाऊकाका असंच वर बघायचे.

"जरा पाय मोकळे करून येतो," मी म्हटलं. देवीला जाऊन येतो म्हणणार होतो, पण आवरलं.

खिडकीतल्या बाईला मी दोन डॉलर दिले आणि घोड्याचा नंबर सांगितला. हात थरथरत होते. एकाहत्तर वर्षांत मी पत्त्याच्या डावावर चिंचोकासुद्धा लावला नव्हता. तिकीट खिशात घालून परत आलो, तेव्हा शर्यत सुरूच होत होती. मी आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने ओरडलो नाही. माझा घोडा सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होता. वळणावर त्याने तीच जागा सांभाळली आणि शेवटी, बाकीच्या सगळ्यांना पुढे जाऊ देऊन, सावकाश आला. त्याचं नाव सांगत नाही. त्यालाही नातेवाईक असतील.

रात्री मोटेलवर हिला माझ्या शर्टाच्या खिशात ते तिकीट सापडलं. बायकांना नेमकं तेच सापडतं.

"किती?"

"दोन डॉलर."

"म्हणजे जवळजवळ दीडशे रुपये!" ही कॉटवर बसली. "आजेसासूबाईंच्या पाटल्यांची तरी आठवण ठेवायची!"

मी काही बोललो नाही. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने हिने विचारलं, "कितवा आला?"

"शेवटचा."

"वाटलंच," ही म्हणाली, आणि कूस बदलली.

मला झोप लागेना. मी १९७१ साली नोकरीला लागलो आणि त्याच वर्षी भाऊकाका गेले. त्यांच्या कॉटखाली ट्रंक होती. तिच्यात अकरा वह्या निघाल्या. वडील म्हणाले, "रद्दीत दे." मी पिशवीत घालून घेऊन गेलो. रद्दीवाल्याकडे गर्दी होती म्हणून उभ्या उभ्या एक वही उघडली. हिशेब नव्हता. एकाही पानावर पैशाचा आकडा नव्हता. रेघा मारून रकाने पाडले होते. घोड्याचं नाव. तारीख. कितवा आला. आणि शेवटचा रकाना, 'हल्ली कुठे?' तो बहुतेक ठिकाणी कोराच होता. क्वचित कुठे लिहिलेलं. 'पुण्यास टांग्याला.' 'समजत नाही.' एका ठिकाणी लिहिलं होतं, 'चर्नी रोडला व्हिक्टोरियास दिसला. ओळखले नाही.' तेवढ्यात माझा नंबर आला. सव्वातीन किलो भरल्या. त्या पैशांत मी इराण्याकडे बनमस्का खाल्ला. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी परत निघायचं होतं, पण नातीने आधीच एक ठिकाण ठरवून ठेवलं होतं. जॉर्जटाऊनला 'ओल्ड फ्रेंड्स' नावाचं फार्म आहे. निवृत्त घोड्यांचं. पेन्शनर घोडे! मी म्हटलं, चला, आपल्या लोकांत जाऊ.

तिथला गाईड आमच्याच वयाचा, हौसेने काम करणारा. त्याने प्रत्येकाच्या हातात गाजरं दिली आणि बोटं सांभाळा म्हणून सांगितलं. मग एकेकाची ओळख. हा 'सिल्व्हर चार्म'. पांढराशुभ्र झालेला, वय चोवीस. १९९७ साली डर्बी आणि प्रीकनेस जिंकला आणि बेलमाँट पाऊण लांबीने हरला, नाहीतर तिन्ही जिंकणाऱ्यांच्या मोजक्या पंगतीत बसला असता. त्याला हरवणारा 'टच गोल्ड' कोण? तोही याच फार्मवरचा पेन्शनर. मला आमच्या कट्ट्यावरचे दोन निवृत्त अवर सचिव आठवले. एकाचं प्रमोशन दुसऱ्याने अडवलं होतं, आणि आता दोघं एकाच बाकावर बसून रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना करतात.

गाईडने आणखी एका घोड्याची गोष्ट सांगितली, तो त्यांच्या न्यूयॉर्ककडच्या शाखेत होता. नाव 'झिपी चिपी'. हा शंभर शर्यती धावला आणि शंभरच्या शंभर हरला. तरी त्याला म्हातारपणी जागा मिळाली, आणि लोक मुद्दाम त्याला पाहायला जात. मी गाईडला म्हटलं, "काल मी बहुतेक त्याच्याच घराण्यावर पैसे लावले होते." तो इतका हसला की शेजारच्या घोड्याने कान टवकारले.

"हे सगळं सुरू कसं झालं?" चिरंजिवांनी विचारलं. गाईडचं हसू मावळलं. फर्डिनंड नावाचा घोडा होता, १९८६ चा डर्बी विजेता. पुढे त्याला जपानला विकलं. तिथे तो उपयोगाचा राहिला नाही, आणि २००२ साली त्याला कत्तलखान्यात पाठवलं गेलं. इकडे अमेरिकेत हे कळलं ते दुसऱ्या वर्षी. कोणीतरी सहज चौकशी केली म्हणून. त्याच २००३ साली मायकेल ब्लोवेन नावाच्या गृहस्थांनी हे फार्म काढलं. हे 'बोस्टन ग्लोब'मध्ये सिनेमाची परीक्षणं लिहीत असत. सिल्व्हर चार्मही जपानला गेला होता. त्याला २०१४ साली परत आणला.

कोणीतरी सहज चौकशी केली म्हणून. मी हातात गाजर घेऊन तसाच उभा होतो. सिल्व्हर चार्मने मान लांब करून ते माझ्या हातातून काढून घेतलं. त्याचे ओठ मऊ होते, आणि दाढी न केलेल्या म्हाताऱ्यासारखे टोचत होते.

ही कुठे गेली म्हणून पाहिलं तर दारापाशी, देणगीच्या पेटीजवळ. पर्समधून मोजून दोन डॉलर काढत होती. मला पाहून म्हणाली, "तुमच्या त्या कालच्या घोड्याच्या नावाने टाकते. त्यालाही कधीतरी लागेल." आणि मग, पेटीत नोट सरकवताना, माझ्याकडे न बघता, "आणि भाऊकाकांच्या."

गाडीत बसल्यावर मी नातीकडे तिची वही मागितली. तिने फारशा विश्वासाने दिली नाही. शेवटच्या पानावर मी पट्टीशिवाय रकाने आखले. नाव, सिल्व्हर चार्म. तारीख, बेलमाँट १९९७. कितवा आला, दुसरा. आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'जॉर्जटाऊन, केंटकी. गाजर खातो.'

नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिने पानावर बोट ठेवून विचारलं, "आजोबा, हे शेवटचं काय लिहिलंत?"

"पत्ता."

"कोणाला द्यायचाय?"

तेवढ्यात चिरंजिवांनी आरशातून मागे पाहत विचारलं, "बाबा, पट्टा लावलात ना?"